मूक रुग्णाचा होकार आणि मेंदूच्या लहरी

(इंदूर येथे मराठी भाषक नागरिक, शिक्षक, शासकीय कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बोलू न शकणाऱ्या व्यक्तीचे मन जाणून घेण्याचा प्रयत्न इंदूर शहराला अपरिचित नाही. लहानपणी चुकून पाकिस्तानात पोहोचलेली गीता ही मूकबधिर मुलगी २६ ऑक्टोबर २०१५ रोजी मायदेशी परतली, तेव्हा तिच्या निवासाची व्यवस्था याच शहरात करण्यात आली. आपले गाव कोणते, हे तिला सांगता येत नव्हते. येथील सांकेतिक भाषेच्या जाणकारांनी तिच्या हातवाऱ्यांतून बालपणीच्या खुणा एकेक करून गोळा केल्या आणि त्या खुणांच्या आधारे तिच्या घरच्यांचा शोध मराठवाड्यापर्यंत जाऊन पोहोचला. वाणी नसलेल्या माणसाजवळही सांगण्यासारखे पुष्कळ असते, ते ऐकणारा मात्र भेटावा लागतो, हे या नगरीने पाहिले आहे.

गीतेपाशी हात होते व हातांना भाषा होती. परंतु ज्यांचे हातही हलत नाहीत, मान वळत नाही, ओठ उघडत नाहीत आणि तरीही ज्यांचे मन पूर्ण जागे आहे, अशी माणसे आपल्या समाजात आहेत. त्यांचे मनोगत मेंदूतील विद्युत्‌ लहरींच्या साहाय्याने जाणून घेण्याचे शास्त्र गेल्या काही दशकांत उभे राहिले आहे. हे शास्त्र काय आहे, ते किती विश्वासार्ह आहे आणि ते आपल्या गावापर्यंत पोहोचेतोवर आपणांस काय करता येईल, या तीन प्रश्नांचा विचार आज आपण करणार आहोत.

शरीर निश्चल, मन जागे

आपल्या मेंदूच्या तळाशी, पाठीच्या कण्याकडे जाताना, मस्तिष्कस्तंभ नावाचा अंगठ्याएवढा भाग असतो. मेंदूकडून हातापायांना, जिभेला व चेहऱ्याला जाणाऱ्या साऱ्या आज्ञा या अरुंद वाटेने जातात. या ठिकाणी रक्तस्राव झाला किंवा रक्ताची गुठळी अडकली, तर आज्ञांची वाट बंद पडते. विचार करणारा, ऐकणारा, आठवण ठेवणारा मेंदूचा वरचा भाग मात्र शाबूत राहू शकतो. अशा रुग्णाला सर्व ऐकू येते, सर्व कळते. पण डोळ्यांची वर-खाली हालचाल आणि पापण्यांची उघडझाप यांपलीकडे त्याच्या हाती काहीच उरत नाही. प्लम आणि पोस्नर या अमेरिकन वैद्यांनी १९६६ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले. मराठीत तिला ‘बंदिस्त अवस्था’ म्हणता येईल. घर आतून उजळलेले असावे आणि दारे-खिडक्यांना बाहेरून कुलुपे लागलेली असावीत, तशी ही स्थिती होय.

असेच बंदिस्तपण अन्य कारणांनीही येते. स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी झिजत जाण्याचा एक रोग आहे. विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना तो १९६३ मध्ये जडला. १९८५ मध्ये त्यांची वाचा गेली. तथापि, २०१८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे लेखन व चिंतन चालूच राहिले. अखेरच्या काळात गालाच्या एका स्नायूच्या सूक्ष्म हालचालीने ते संगणकावर शब्द निवडीत असत. मेंदूच्या पक्षाघाताने जन्मतःच ग्रस्त झालेल्या काही मुलांची वाणी व अवयव त्यांच्या ताब्यात नसतात. मुंबईच्या मालिनी चिब यांनी अशाच पक्षाघातावर मात करून एका बोटाने टंकलेखन केले आणि आत्मचरित्र लिहिले. त्यांच्या मातोश्री मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी स्थापन केलेली संस्था या क्षेत्रात आपल्या देशात अग्रेसर ठरली.

ग्रामस्थांनी आणखी एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. मण्यार किंवा नाग चावल्यावर विषामुळे स्नायू लुळे पडतात. पापण्या मिटतात, हातपाय हलत नाहीत, श्वास थांबू लागतो, क्वचित डोळ्यांच्या बाहुल्याही प्रकाशाला दाद देत नाहीत. पाहणाऱ्यास वाटते, सर्व संपले. पण यांतील कित्येक रुग्ण आतून शुद्धीवर असू शकतात. कृत्रिम श्वास व सर्पविषावरील लस वेळेवर मिळाल्यास ते पूर्ण बरेही होतात. यास्तव, हालचाल थांबली म्हणजे जाणीवही संपली, असे घरच्या घरी कोणीही ठरवू नये. रुग्णाच्या उशाशी उभे राहून ‘आता काही राम उरला नाही’ असे बोलू नये. तो कदाचित ऐकत असेल.

मेंदूच्या लहरी म्हणजे काय

मेंदूतील अब्जावधी पेशी परस्परांशी सूक्ष्म विद्युत्‌प्रवाहाच्या साहाय्याने व्यवहार करतात. या व्यवहाराचा एकत्रित परिणाम डोक्याच्या त्वचेवर अत्यंत क्षीण विद्युत्‌दाबाच्या रूपाने मोजता येतो. जर्मनीतील येना नगरीचे मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूच्या अशा लहरींची पहिली नोंद केली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांच्या म्हणण्यावर विद्वानांचा प्रथम विश्वास बसला नाही. १९३४ मध्ये इंग्लंडमधील एड्रियन व मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा बर्गर यांचे संशोधन सर्वमान्य झाले. फेफऱ्याच्या रुग्णाची जी ‘ईईजी’ तपासणी मोठ्या रुग्णालयांत केली जाते, ती याच शोधाचे फळ होय.

ही शक्ती किती अल्प असते, याची कल्पना एका तुलनेने येईल. आपल्या विजेरीतील लहान सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. डोक्याच्या त्वचेवर मिळणारा दाब साधारणतः त्याच्या तीस हजाराव्या भागाएवढा असतो. पापणी लवली, दात आवळले, मान हलली किंवा जवळून विजेची तार गेली, तरी या लहरींत गोंधळ माजतो. या गोंधळातून नेमकी खूण वेगळी काढणे, हेच या शास्त्राचे खरे काम आहे. त्यासाठी गणिताचा मोठा आधार घ्यावा लागतो. या कामात इंदूरचाही वाटा आहे. २००९ मध्ये स्थापन झालेल्या आणि सिमरोल येथे वसलेल्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत प्राध्यापक राम बिलास पचोरी व त्यांचे सहकारी यांनी मेंदूच्या लहरींचे पृथक्करण करण्याच्या गणिती पद्धतींवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. फेफऱ्याची लहर ओळखणे हा त्यातील एक प्रमुख विषय आहे. लहरींचे असे पृथक्करण हाच मेंदू व संगणक यांच्यातील संवादाचाही पाया होय.

यंत्र होकार कसा ओळखते

मेंदूच्या लहरींनी संगणकाला आज्ञा देता येईल काय, हा प्रश्न अमेरिकेतील जॅक विदाल यांनी १९७३ मध्ये शास्त्रीय रीतीने मांडला. त्यानंतर १९८८ मध्ये फारवेल व डोंचिन या संशोधकांनी अक्षरे निवडण्याची एक सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. आजही तीच रीत अनेक ठिकाणी वापरली जाते.

ही रीत समजण्यासाठी सरवटे बसस्थानकाची आठवण करा. आपणांस खंडव्याला जावयाचे आहे. पुकारा चालू आहे: महू, देवास, उज्जैन, महू, देवास, उज्जैन. आपण ऐकतो आणि सोडून देतो. एवढ्यात ‘खंडवा’ हा शब्द कानी पडतो आणि मन एकदम सावध होते. हे सावध होणे मेंदूच्या आलेखात उमटते. अपेक्षित गोष्ट समोर आल्यापासून साधारणतः सेकंदाच्या तीन दशांश एवढ्या काळानंतर एक विशिष्ट लहर उठते. इतर नावांच्या वेळी ती तशी उठत नाही.

आता बसस्थानकाच्या जागी संगणकाचा पडदा कल्पावा. त्यावर सहा ओळी व सहा स्तंभ अशा छत्तीस चौकटींत अक्षरे व काही सूचना मांडलेल्या असतात. कधी एक ओळ उजळते, कधी एक स्तंभ उजळतो. रुग्णाने काहीही हलवावयाचे नाही. हव्या त्या अक्षराकडे लक्ष ठेवावयाचे, एवढेच त्याचे काम. त्याचे अक्षर ज्या ओळीत आहे ती उजळली की मेंदूत लहर उठते; ज्या स्तंभात आहे तो उजळला की पुन्हा उठते. त्या ओळीचा व स्तंभाचा जेथे छेद, तेथे त्याचे अक्षर.

तथापि, एका वेळच्या नोंदीवर विसंबून चालत नाही, कारण ही लहर इतर गोंधळाहूनही लहान असते. जत्रेच्या गोंगाटात कोणी आपल्याला दहा वेळा तोच शब्द ओरडून सांगितला, तर गोंगाट दर वेळी निराळा असतो, शब्द मात्र तोच राहतो. त्यामुळे अखेर तो कळतो. संगणकही त्याच न्यायाने ओळी पुनःपुन्हा उजळवितो, सर्व नोंदींची सरासरी काढतो आणि मगच निर्णय देतो. प्रत्येक माणसाच्या लहरींचा घाट वेगळा असल्याने यंत्राला प्रथम त्या रुग्णाची ओळख करून द्यावी लागते.

दुसऱ्याही रीती आहेत. उजवा हात हलविण्याची नुसती कल्पना केली, तरी मेंदूच्या डाव्या बाजूस एका ठरावीक लयीच्या लहरी मंदावतात. त्यावरून ‘उजवा म्हणजे होय, डावा म्हणजे नाही’ असा संकेत ठरविता येतो. जर्मनीत ट्यूबिंगेन येथे नील्स बिरबाऊमर यांच्या गटाने १९९९ मध्ये पूर्ण लुळ्या पडलेल्या रुग्णांकडून लहरींच्या साहाय्याने अक्षरे लिहवून घेतल्याचे प्रसिद्ध केले. त्यासाठी त्या रुग्णांना कित्येक महिन्यांचा सराव करावा लागला होता.

शस्त्रक्रियेने थेट मेंदूवर सूक्ष्म विद्युत्‌-अग्रे बसविण्याचा मार्ग याहून वेगवान आहे. अमेरिकेत २००६ मध्ये मेंदूत शहाण्णव अग्रांची चकती बसविलेल्या एका लुळ्या तरुणाने संगणकाचा दर्शक केवळ विचाराने हलविला. २०२१ मध्ये, हाताने लिहिण्याची कल्पना करणाऱ्या एका व्यक्तीच्या लहरींवरून मिनिटाला नव्वद अक्षरे लिहिली गेली. २०२३ मध्ये, बोलण्याचा प्रयत्न करणाऱ्या पण उच्चार स्पष्ट न उमटणाऱ्या व्यक्तीच्या लहरींवरून मिनिटाला बासष्ट शब्दांपर्यंत मजल गेली. ही प्रगती निःसंशय थक्क करणारी आहे. परंतु हे प्रयोग अगदी मोजक्या व्यक्तींवर, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि इंग्रजी भाषेत झालेले आहेत, हे विसरता कामा नये.

वर्णमाला: आपल्या घरचा तक्ता

इंग्रजीची सव्वीस अक्षरे छत्तीस चौकटींत सुखाने बसतात. देवनागरीचे स्वर, व्यंजने, काना-मात्रा-वेलांटी व जोडाक्षरे यांना तेवढी जागा पुरत नाही. म्हणून आपल्या लिपीसाठी स्वतंत्र संशोधन आवश्यक ठरते. रायपूरच्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेतील राहुल कुमार चौरसिया, नरेंद्र लोंढे व सुभोजित घोष यांनी देवनागरी अक्षरांच्या तक्त्यावर असे काम करून २०१६ मध्ये ते प्रसिद्ध केले. हिंदीप्रमाणे मराठीही देवनागरीतच लिहिली जात असल्याने या कामाचा लाभ आपणांसही होऊ शकेल.

परंतु एक गोष्ट आपल्याला वारशानेच मिळालेली आहे. यंत्राला अक्षरे ओळी व स्तंभांत मांडावी लागतात. आपली वर्णमाला मुळातच तशी मांडलेली आहे. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग हे शाळेत घोकलेले वर्ग म्हणजे तयार ओळीच होत. यासाठी वीजही लागत नाही. एका पुठ्ठ्यावर पुढील आठ ओळी मोठ्या अक्षरांत लिहाव्यात. पहिली ओळ स्वरांची: अ आ इ ई उ ऊ ए ऐ ओ औ अं. दुसरी क ख ग घ. तिसरी च छ ज झ. चौथी ट ठ ड ढ ण. पाचवी त थ द ध न. सहावी प फ ब भ म. सातवी य र ल व. आठवी श ष स ह ळ क्ष ज्ञ.

रुग्णाची एखादी खूण प्रथम ठरवावी, उदाहरणार्थ, वर पाहिले म्हणजे ‘होय’. मग विचारावे: स्वर? क-वर्ग? च-वर्ग? होकार मिळताच त्या ओळीतील अक्षरे क्रमाने म्हणावीत. व्यंजनानंतर आलेला स्वर मात्रा म्हणून वाचावा. जोडाक्षराचा आग्रह धरू नये. ‘डाकटर’ असे लिहिले तरी अर्थ कळतो. ‘पाणी’ हा शब्द या रीतीने चोवीस प्रश्नांत पूर्ण होतो: ‘प’साठी सात, ‘आ’साठी तीन, ‘ण’साठी नऊ आणि ‘ई’साठी पाच. एका प्रश्नाला तीन सेकंद धरले, तर सव्वा मिनिटापेक्षा अधिक वेळ लागत नाही. १९८८ च्या त्या पहिल्या यंत्राचा वेग मिनिटाला सुमारे दोन अक्षरे एवढाच होता. म्हणजे पुठ्ठ्याचा तक्ता व एक शांत सोबती यांची जोडी त्या यंत्राच्या मागे पडत नाही!

फ्रान्समधील संपादक ज्याँ-दोमिनिक बोबी यांना डिसेंबर १९९५ मध्ये बंदिस्त अवस्था आली. त्यांची केवळ डावी पापणी हलत होती. समोरच्याने अक्षरे म्हणावयाची आणि त्यांनी पापणी मिटून निवड करावयाची, या रीतीने त्यांनी एक संपूर्ण पुस्तक सांगितले. ते मार्च १९९७ मध्ये प्रकाशित झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच त्यांचे निधन झाले. त्या पुस्तकामागे कोणतेही यंत्र नव्हते.

मग लहरींच्या यंत्राचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. ज्यांची पापणीही त्यांच्या स्वाधीन राहिली नाही, त्यांच्यासाठी ते आहे. तसेच, ज्यांना तासन्‌तास विचारीत बसेल असे घरात कोणी नाही, त्यांना स्वतःहून बोलता यावे यासाठीही ते आहे. मात्र ज्यांची दृष्टी स्थिर राहत नाही, त्यांना पडद्यावरची अक्षरे पाहून निवडणेही अवघड जाते. त्यांच्यासाठी ध्वनींवर आधारित पद्धती शोधल्या जात आहेत. यंत्र सर्वांत जास्त ज्यांना हवे, त्यांच्याच बाबतीत ते चालविणे सर्वांत कठीण असते, ही या शास्त्रापुढील मोठी अडचण आहे.

होकार खरा कशावरून

या विषयात आशेइतकीच सावधगिरीही अगत्याची आहे. आपल्या माणसाने बोलावे, अशी घरच्यांची तळमळ इतकी तीव्र असते की, नसलेला होकारही त्यांना दिसू लागतो. १९९० च्या सुमारास अमेरिकेत, बोलू न शकणाऱ्या मुलांचा हात धरून त्यांच्याकडून टंकलेखन करविण्याची पद्धत फार लोकप्रिय झाली होती. पुढे काटेकोर चाचण्या घेतल्या, तेव्हा ते शब्द नकळत मदतनिसाचेच असल्याचे दिसून आले. लहरींच्या शास्त्रातही असे प्रसंग आले आहेत. पूर्णतः निश्चल रुग्णांचे ‘होय’ व ‘नाही’ ओळखल्याचा दावा करणारा, २०१७ मध्ये गाजलेला एक शोधनिबंध पुढे त्यातील पृथक्करणाबद्दल आक्षेप आल्यावर २०१९ मध्ये नियतकालिकाने मागे घेतला.

यावर उपाय साधा आहे. ज्याचे उत्तर रुग्णाला ठाऊक आहे पण विचारणाऱ्याला ठाऊक नाही, असे प्रश्न विचारावेत. उदाहरणार्थ, मामांनी रुग्णाला एक वस्तू दाखवावी व खोलीबाहेर जावे. मग सूनबाईंनी आत येऊन ती कोणती हे विचारावे. तोच प्रश्न उलट करूनही विचारावा. ‘तुमचे गाव देवास आहे का?’ आणि ‘तुमचे गाव धार आहे का?’ या दोहोंना होकार आला, तर तो होकार नव्हे. निदान दहा प्रश्नांपैकी किती उत्तरे बरोबर आली, हे लिहून ठेवावे. यंत्र असो की पापणी, कसोटी तीच.

दुसरी सावधगिरी संमतीची आहे. जी लहर मूक रुग्णाला बोलते करते, तीच लहर आरोपीच्या मनातील गुपित ओळखण्यासाठी वापरण्याचेही प्रयत्न झाले आहेत. मेंदूच्या लहरींच्या अशा चाचणीचा आधार पुण्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये एका खून खटल्याच्या निकालात घेतला होता आणि त्याची चर्चा परदेशांतही झाली. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात स्पष्ट केले की, व्यक्तीच्या इच्छेविरुद्ध अशी चाचणी घेता येणार नाही. या निर्णयामागील तत्त्व आपल्या विषयालाही लागू पडते. स्वतःच्या इच्छेने उघडलेल्या मनाचाच संदेश वाचण्याचा आपल्याला अधिकार आहे.

अंगठा आणि इच्छा

आता मी अधिकारीवर्गाला एक विनंती करणार आहे. खाटेवर निश्चल पडलेल्या वृद्धाचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकविणे फार सोपे असते. जमिनीची वाटणी, बक्षीसपत्र, बँकेतील पैसे अशा अनेक व्यवहारांत तो अंगठा चालून जातो. आजोबा सर्व पाहत असतात, त्यांना सर्व कळत असते. पण त्यांना विचारतो कोण? कागदावर अंगठा उमटतो, त्यांची इच्छा मात्र उमटत नाही. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याचे मौन हा होकार समजण्याची सवय आपल्याकडे रुळली आहे आणि अपंगत्वाहून ही सवय अधिक घातक आहे.

वास्तविक आपला कायदा याबाबत मुळीच मुका नाही. १८८५ मध्येच अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठासमोर असे एक प्रकरण आले होते. गळा कापला गेल्याने बोलू न शकणाऱ्या एका स्त्रीने विचारलेल्या प्रश्नांना मृत्यूपूर्वी हाताच्या खुणांनी उत्तरे दिली होती. प्रश्न व खुणा मिळून तिचे निवेदनच होते, असा निर्णय न्यायालयाने दिला. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या ३८ व्या कलमानुसार, शारीरिक दुर्बलतेमुळे कचेरीत येणे ज्याला शक्य नाही, त्याच्या घरी जाऊन नोंदणी अधिकाऱ्याने स्वतः किंवा नेमलेल्या व्यक्तीमार्फत त्याची तपासणी करावयाची असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे आणि त्यातील ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येत ब्रेल, सांकेतिक भाषा, दृश्य फलक यांबरोबर संवादाची पूरक व पर्यायी साधनेही अंतर्भूत आहेत. म्हणजे मघाचा तो पुठ्ठ्याचा तक्ता कायद्याच्या दृष्टीनेही संवादच होय. मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींच्या पालकत्वासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समितीची तरतूद आहे.

यास्तव तलाठी, ग्रामसेवक, नोंदणी अधिकारी व बँक कर्मचारी यांनी बोलू न शकणाऱ्या व्यक्तीचा अंगठा घेण्यापूर्वी तिला प्रश्न विचारावेत. ज्यांचा त्या व्यवहारात लाभ आहे, त्या नातेवाइकांना त्या वेळी खोलीबाहेर बसवावे आणि उत्तराची खूण कोणती होती, हे नोंदवावे. यास फार तर अर्धा तास अधिक लागेल.

शिक्षकांचे व शेजाऱ्यांचे काम

२०१२ मध्ये बालशिक्षण हक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, तीव्र अथवा बहुविध अपंगत्व असलेल्या बालकांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला. अशा बालकाच्या घरी जाणाऱ्या शिक्षकाने पहिला पाठ अक्षरांचा घेऊ नये, होकाराचा घ्यावा. मूल कोणती एक हालचाल पुनःपुन्हा आणि स्वतःच्या इच्छेने करू शकते, हे शांतपणे पाहावे. कोणाची भुवई हलते, कोणाचा पायाचा अंगठा, कोणाची जीभ. मुलांना अक्षरे येत नसतील, तर पाणी, ताट, अंथरूण, आई, दुखणे अशी चित्रे तक्त्यावर काढावीत. होकाराची खूण घरातील सर्वांना, तसेच शेजाऱ्यांना व शाळासोबत्यांनाही शिकवावी. केवळ आईलाच कळणारी भाषा आईच्या माघारी निरुपयोगी ठरते.

रुग्णाची सेवा करणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, रुग्णाला ‘वर पाहा’ व ‘खाली पाहा’ असे सांगून पाहावे, कारण बंदिस्त अवस्थेत डोळे आडवे फिरत नसले, तरी उभे फिरू शकतात. दुसरी, उत्तरासाठी थांबावे. थकलेला रुग्ण सावकाश उत्तर देतो आणि सकाळी जमलेले सायंकाळी जमेलच असे नाही. तिसरी, शब्दाचा अंदाज बांधल्यास तो विचारून पक्का करावा. ‘पा’ आल्यावर ‘पाणी का?’ असे विचारण्यास हरकत नाही, पण न विचारता तांब्या तोंडाला लावू नये. त्याला ‘पाय’ म्हणावयाचे असेल.

बंधुभगिनींनो, २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. यांतील थोड्यांनाच लहरींच्या यंत्राची गरज भासेल आणि त्या थोड्यांपर्यंतही ते पोहोचण्यास वेळ लागेल. सिमरोल, रायपूर व अन्य ठिकाणचे संशोधक आपले काम करीत आहेत. त्यांना मराठी बोलणाऱ्या रुग्णांची, त्यांच्या शब्दांची व त्यांच्या गरजांची माहिती हवी असेल. ती देण्यास आपली रुग्णालये, शाळा व कुटुंबे पुढे आली पाहिजेत. ज्या घरात आधीपासून तक्ता आहे, प्रश्न विचारण्याची रीत आहे आणि उत्तराची वाट पाहण्याची सवय आहे, त्या घरात उद्या यंत्र आले तर त्याचे सार्थक होईल. जेथे कोणी काही विचारीतच नाही, तेथे ते कोपऱ्यात धूळ खात पडेल.

येथून घरी गेल्यावर आपल्या गावात, आपल्या गल्लीत असा कोणी खाटेवर आहे काय, याची चौकशी करावी. असल्यास त्याच्याजवळ बसावे, आपले नाव सांगावे आणि ‘तुम्हांला माझे बोलणे ऐकू येत असेल, तर वर पाहा’ एवढे म्हणून थांबावे. शिक्षकांनी आठ ओळींचा तक्ता शाळेतील मुलांकडून लिहून घेऊन अशा घरी पोहोचवावा. अधिकाऱ्यांनी आपल्या कार्यक्षेत्रातील अशा व्यक्तींची यादी करून समाजकल्याण विभागाकडे द्यावी.